‘क्विक ऑन द अपटेक’ की ‘द पेनी ड्रॉप्ड’?

दोन्ही इंग्रजी वाक्प्रचार समजण्याबद्दलचे आहेत, पण एकाच्या जागी दुसरा वापरला तर कौतुकाचा टोमणा होऊ शकतो.

‘पोरगी गाणं चटकन उचलते’ असं आपण म्हणतो, त्यातलं ‘उचलणं’ म्हणजेच ‘अपटेक’. हा शब्द स्कॉटलंडच्या बोलीतला. तिथे तल्लख माणसाला ‘ग्लेग’ म्हणत आणि हे विशेषण ‘अपटेक’ला जोडून येई. वॉल्टर स्कॉटच्या १८१६ सालच्या ‘ओल्ड मॉर्टॅलिटी’ या कादंबरीत ही जोडी सापडते. पुढे ‘ग्लेग’ची जागा ‘क्विक’ने घेतली. वाक्प्रचार स्वभावाबद्दल बोलतो: या माणसाला एकदा सांगितलं की पुरतं. उलट अर्थाचा ‘स्लो ऑन द अपटेक’ही सर्रास वापरला जातो. तो ‘मठ्ठ’पेक्षा सौम्य असला, तरी तोंडावर म्हटला तर लागतोच.

‘द पेनी ड्रॉप्ड’ (पेनी म्हणजे ब्रिटनचं छोटं नाणं) हा उशिरा कळल्याच्या क्षणाबद्दल आहे. १८८०च्या दशकात ब्रिटनमध्ये नाणं टाकून चालणारी यंत्रं पसरली. पेनी आत अडकली की यंत्र ढिम्म. ती खाली पडली की काम सुरू. म्हणजे उशीर या प्रतिमेतच आहे. आपली ‘ट्यूब पेटली’ हुबेहूब तशीच: बटण दाबलं, नळी लुकलुकली, मग उजेड. म्हणून हुशार सहकाऱ्याची स्तुती करताना पेनी नको. तासभर समजावल्यावर एखाद्याच्या डोक्यात प्रकाश पडला, तर तिथे ती चपखल बसते.

शिफारसपत्रात किंवा नोकरीच्या अर्जात आमची पसंती दोन्हींना नाही. दोन्ही बोलण्यातले आहेत. तिथे साधं ‘क्विक लर्नर’ बरं. ईमेलमध्ये किंवा गप्पांत ‘क्विक ऑन द अपटेक’ खुशाल वापरा, मात्र ‘ऑन’ आणि ‘द’ गाळू नका. ‘क्विक टू अपटेक’ चूक आहे. नुसता ‘अपटेक’ विज्ञानाच्या लेखनात आला, तर तिथे अर्थ शोषण: मुळांनी घेतलेलं नत्र, शरीराने घेतलेला ऑक्सिजन.

स्वभाव आणि क्षण दोन्हीकडे चालेल असा शब्द हवा असेल, तर अमेरिकेतून आलेला ‘कॅच ऑन’ घ्या. ‘शी कॅचेस ऑन फास्ट’ म्हणजे तिला पटकन कळतं. ‘कॅच अप’ लिहिलंत, तर मागे पडलेली ती आता बरोबरीला येते आहे, असा अर्थ होईल.