फळ्या वाकवायची इलेक्ट्रिक इस्त्री: शिडाच्या जहाजांच्या मॉडेलसाठी

गोल पितळी डोक्याचं हे हत्यार सोल्डरिंग आयर्नसारखं दिसतं, काम मात्र फार नाजूक करतं. १ मिमी जाडीची बासवुडची (एक मऊ, हलकं लाकूड) पट्टी १५-२० मिनिटं भिजवायची, पुसायची आणि वळणदार ठोकळ्यावर धरून डोकं सावकाश फिरवत न्यायचं. वाफ निघते, पट्टी अलगद वळते. एका जागी टेकवून ठेवलंत तर तपकिरी डाग पडलाच. पॉलिशपेपरने तो जातो, पण जाडीही जाते. अक्रोडाच्या पट्टीचे तंतू तिरके असतील तर नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, वळणावर ती तडकते, म्हणून आधी सरळ रेषांच्या पट्ट्या निवडून घ्या. पकडीसारखा बेंडर आतून खाचा पाडतो. त्यापेक्षा ही इस्त्री कधीही चांगली. ओली पट्टी चिकटवू नका, वाळताना आकसून सांध्यात फट पडते. तापमान कमी-जास्त करता येत नाही, ही खरी उणीव.