रबाळेत नॅस बंद पडला आणि 'कंट्रोलर गेलाय' सांगून पावणेदोन लाखांना गंडा घातला

ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात म्हणजे ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे इकडे ज्यांच्या फॅक्टरीत किंवा ऑफिसात दोन-तीन सर्व्हर आणि एक नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा हार्डडिस्कचा डबा) असा छोटा सेटअप आहे त्यांच्यासाठी लिहितोय. वागळे इस्टेटवाल्यांनी पण वाचा, कारण तिकडे पण माझे क्लायंट आहेत असं आम्हाला गंडवणाऱ्या माणसाने आमच्या साहेबांना स्वतःच सांगितलं होतं. मोठ्या कंपन्यांकडे स्वतःची टीम असते, त्यांना कोणी सहसा असं बनवत नाही, मरतात ते आपल्यासारखे, जिथे एकच आयटीवाला असतो आणि तो सुट्टीवर गेला की कोणालाच काही कळत नाही.

आमची लेबल प्रिंटिंगची कंपनी आहे. दोन सर्व्हर, दोन्हीवर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय (एकाच सर्व्हरवर अनेक कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर), त्यावर टॅलीची मशीन, डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे यूजर-पासवर्ड सांभाळणारी मशीन), डिझाइनवाल्यांचा फाइल सर्व्हर वगैरे सगळ्या व्हर्च्युअल मशीन. या मशीनच्या डिस्क सर्व्हरमध्ये नाहीत, त्या नॅसवर आहेत, चार टीबीच्या चार हार्डडिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो अशी मांडणी), आणि दोन्ही सर्व्हर एनएफएसने (नेटवर्कवरून फाइल वापरायची पद्धत) ती जागा म्हणजे डेटास्टोअर वापरतात. म्हणजे सर्व्हर आणि नॅस ठणठणीत असले तरी मधला रस्ता तुटला की सगळी मशीन एकदम बंद. स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावापुढे 'इनअॅक्सेसिबल' येतं आणि बघणाऱ्याला वाटतं सगळा डेटा गेला.

गौरी-गणपतीत मी गावी होतो, देवगडच्या आत, तिथे रेंजची बोंब. इकडे रात्री लाइट गेली, यूपीएसने जेवढं ओढलं तेवढं ओढलं, सकाळी लाइट आल्यावर सगळं चालू केलं तर एकही मशीन उठेना. एएमसीवाला म्हणजे वर्षभराच्या मेंटेनन्सचा माणूस पण गणपतीला गेलेला, फोन बंद. डिस्पॅचच्या गाड्या गेटवर उभ्या, टॅली बंद म्हणून इनव्हॉइस निघेना, अशा वेळी साहेबांनी नेटवर शोधून पहिली जाहिरात आली त्याला फोन लावला, चोवीस तास सर्व्हर-स्टोरेज सपोर्ट, नवी मुंबई. त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं. तासाभरात माणूस हजर. शर्ट इन केलेला, गळ्यात आयकार्ड, हातात मोठी बॅग, बोलायला एकदम गोड. अॅडमिनचे पासवर्ड घेतले आणि सर्व्हर रूममध्ये बसला.

थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाला, "सर, नॅसचा कंट्रोलर म्हणजे डिस्क चालवणारं सर्किट गेलंय आणि त्याच्यामुळे डिस्क पण मरायला लागल्यात. आता चालू ठेवलं तर उरलासुरला डेटा पण जाईल, आत्ताच लॅबला न्यावं लागेल." साहेबांना स्क्रीनवर लाल अक्षरात परमिशन डिनाइड दाखवलं. मग नॅस उचलून घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी दुपारी परत आणला, जोडला, सगळं चालू. बिल १ लाख ७६ हजार: कंट्रोलर बदलला, चार नवीन एंटरप्राइज हार्डडिस्क, डेटा रिकव्हरी, इमर्जन्सी व्हिजिट. जुन्या डिस्क 'डेड आहेत, ई-वेस्टला देतो' म्हणून स्वतःकडेच ठेवल्या. पैसे एनईएफटीने, पण फर्मच्या नाही तर कोणाच्या तरी सेव्हिंग खात्यात, कारण म्हणे करंट अकाउंटला काहीतरी केवायसी पेंडिंग आहे.

मी आलो तेव्हा सगळं सुरळीत होतं, साहेब त्या माणसाचं कौतुकच करत होते. मग दिवाळीच्या आधी एका सकाळी परत तेच, सगळी मशीन इनअॅक्सेसिबल. मी लॅपटॉप उघडतोय तोवर साहेबांचा फोन वाजला आणि पलीकडून तोच, "सर, सहज फोन केला, सिस्टीम बरोबर चाललीय ना?" आम्ही कोणीच त्याला कळवलं नव्हतं. मला तिथेच घाम फुटला, कारण नॅस बंद पडल्याचं बाहेरच्या माणसाला आपल्या आधी कळतं म्हणजे तो आत बसलेला आहे.

नॅसमध्ये बघितलं तर शेअर्ड फोल्डरच्या एनएफएस परमिशनची यादी रिकामी. त्या यादीत आमच्या दोन्ही सर्व्हरचे आयपी होते, ते उडवलेले. हे कंट्रोलर गेल्याने होत नाही, लाइट गेल्याने होत नाही, कोणीतरी लॉगिन करून डिलीट केलं तरच होतं. आयपी परत टाकले, रूट स्क्वॉश बंद ठेवलं (ईएसएक्सआय एनएफएसवर रूट म्हणजे सर्वाधिकारी यूजर म्हणून लिहितं, त्याचे अधिकार कापले म्हणजे स्क्वॉश झाले तर माउंट दिसतो पण मशीन चालू होत नाही), डेटास्टोअर परत आला. मग यूजरची यादी बघितली, त्यात 'सपोर्ट' नावाचा एक अॅडमिन यूजर जो मी कधी बनवलाच नव्हता, आणि टॅलीच्या मशीनवर एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर), पासवर्ड सेट करून, कोणी समोर नसलं तरी आत येता येईल असं.

नॅसमधला लॉग त्याने साफ केलेला होता, गणपतीच्या आधीचं आणि त्या दोन दिवसांचं काहीच नाही. पण एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. दोन्ही सर्व्हरचे आणि नॅसचे सगळे लॉग मी सिसलॉगने (लॉग नेटवर्कवरून दुसरीकडे पाठवायची पद्धत) कोपऱ्यातल्या एका जुन्या पीसीवर पाठवतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवावेत असं आहे, तेव्हापासून ते लावलेलं. त्या पीसीला त्याने हातही लावला नव्हता.

ईएसएक्सआयच्या शेलमध्ये म्हणजे कमांड टाइप करायच्या स्क्रीनवर जे काही टाइप होतं ते शेल लॉगमध्ये उतरतं, कमांड आणि वेळ दोन्ही. वेळ यूटीसीत असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लॉगमध्ये ०५:४२ ला व्हीएमके-पिंग (सर्व्हरवरून नॅसपर्यंत पाकीट पोहोचतं का ते बघायची कमांड), साइज ८९७२, तुकडे करू नको असा पर्याय लावून. मिनिटभराने तीच कमांड, साइज १४७२. आपल्या घड्याळात ११:१२. गेटच्या रजिस्टरवर त्याची एन्ट्री १०:३५ ची, त्याच्याच सहीची. आणि 'कंट्रोलर फेल' असा साहेबांना व्हॉट्सअॅप ११:४० ला.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांना सांगतो या दोन आकड्यांचा अर्थ काय. नेटवर्कवर एका पाकिटाची नेहमीची कमाल साइज १५०० बाइट, तिला एमटीयू म्हणतात. स्टोरेजसाठी काही लोक ती ९००० करतात, ते जंबो फ्रेम. पण मग सर्व्हर, स्विच (या दोघांना जोडणारा नेटवर्कचा डबा) आणि नॅस तिन्हीकडे जंबो चालू पाहिजे. मधला स्विच १५०० वर असेल तर मोठी पाकिटं तो गुपचूप टाकून देतो, उड्डाणपुलाच्या तोंडाशी हाइट बॅरियर असला की रिक्षा-गाड्या जातात आणि कंटेनर अडकतो तसंच. साधा पिंग जातो, नॅसचं वेब पेज उघडतं, कधी डेटास्टोअरचं नाव पण दिसतं, पण खरा डेटा वाचायला गेलं की सगळं लटकतं. ९००० मधून हेडरचे २८ बाइट वजा केले की ८९७२, आणि १५०० मधून वजा केले की १४७२. छोटं जातंय आणि मोठं जात नाहीये एवढं दिसलं की जाणकार माणसाला लगेच कळतं की एमटीयूचा घोळ आहे. आमच्याकडे स्विच बसवणाऱ्या जुन्या व्हेंडरने जंबो चालू केलं होतं पण कॉन्फिग सेव्हच केली नव्हती, लाइट गेली, स्विच रीबूट झाला आणि मूळच्या १५०० वर आला. बस, एवढाच बिघाड.

म्हणजे या माणसाला ११:१२ ला खरा आजार कळला होता. माझा राग याच्यावर आहे. काम न येणाऱ्या माणसाने चुकीचं निदान केलं असतं तर मी समजू शकलो असतो, याला काम येत होतं, चांगलंच येत होतं. त्यानंतर सिसलॉगवर नॅसची ओळ आहे, ११:२१, अॅडमिन लॉगिन, एनएफएस रूल डिलीट. म्हणजे साहेबांना दाखवलेलं ते लाल परमिशन डिनाइड त्याने स्वतः तयार केलेलं. आणि दुसऱ्या दिवशी नॅस परत जोडताना शेल लॉगमध्ये एमटीयू १५०० करणारी एकच कमांड, नॅसवर पण तेच, रूल परत टाकला. खरी दुरुस्ती तेवढीच. नॅसचा सीरियल नंबर, मॅक अॅड्रेस सगळं तेच आहे, या मॉडेलला बदलण्यासारखा वेगळा कंट्रोलर येतच नाही, सगळं एकाच बोर्डवर असतं.

आता डिस्क. आमच्या जुन्या डिस्क दोन वर्षांच्या पण नव्हत्या, हेल्थ रिपोर्ट क्लीन होते. त्याने रात्रीत त्या दुसऱ्या डिस्कवर क्लोन केल्या आणि बिलात 'नवीन' लावल्या. नॅसमध्ये त्यांचे चालू तास कमी दिसत होते, वरवर नवीनच. पूर्ण बॅकअप घेतला, नॅस रीतसर बंद केला (चालू रेडमधून चेक करायला डिस्क ओढू नका कोणी), एक डिस्क काढून लिनक्सच्या पीसीला लावली. स्क्रूच्या भोकांभोवती घासलेल्या खुणा, साटा कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे. या डिस्क सीगेट कंपनीच्या, तिच्या डिस्कमध्ये नेहमीच्या स्मार्ट रिपोर्टशिवाय (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरचं ७.४ किंवा पुढचं व्हर्जन असेल तर तो वाचता येतो. स्मार्टमध्ये हजारभर तास, फार्ममध्ये ३१ हजारांच्या वर, म्हणजे साडेतीन वर्षं रात्रंदिवस चाललेली डिस्क. स्मार्टचे आकडे शून्य करून विकलेली. असा प्रकार २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत पण उघडकीस आला होता, दुकानदारांकडून नवीन म्हणून घेतलेल्या सीगेटच्या डिस्क वापरलेल्या निघाल्या आणि लोकांनी त्या फार्मवरूनच पकडल्या. चारही डिस्क तशाच. कंपनीच्या साइटवर सीरियल टाकून वॉरंटी बघितली तर एकीचीही शिल्लक नाही.

पैशापेक्षा मला जास्त घोर जुन्या डिस्कचा आहे. चारही त्याच्याकडे आहेत, म्हणजे पूर्ण रेड परत उभं करता येतं, आणि त्यात आमच्या कामगारांचे आधार, पॅन, बँकेचे पासबुक, पगाराच्या शीट सगळं आहे. मशीनवरच्या एका मावशींनी मला विचारलं, "माझ्या खात्यातनं कोणी पैसे काढेल का रे?" त्यांना काय सांगणार. सगळ्यांना बसवून आधारचं बायोमेट्रिक लॉक कसं करायचं ते दाखवलं, बँकेचे मेसेज येतायत का ते एकेकाचं तपासलं. म्हणून सांगतो, डिस्क खरंच मेलेली असली तरी ती आपल्या आवाराबाहेर जाऊ देऊ नका, ड्रिलने भोकं पाडून स्वतः नष्ट करा, जास्तच आग्रह झाला तर त्या माणसालाच बाहेरचा रस्ता दाखवा.

बिलावरचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, दिसायला बरोबर. जीएसटी पोर्टलवर सर्च टॅक्सपेयरमध्ये टाकला तर रजिस्ट्रेशन कॅन्सल, आणि नाव भलत्याच फर्मचं. हे बघायला लॉगिन पण लागत नाही, पैसे पाठवायच्या आधी कोणीही बघू शकतं. इनपुट क्रेडिट पण गेलं ते वेगळंच.

पोलिसात तक्रार दिलीय. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं, आणि परवानगीशिवाय सिस्टीममध्ये शिरला म्हणून आयटी कायद्याचं ४३ आणि ६६. तिथल्या साहेबांनी सुरुवातीला हा तुमचा व्यवहाराचा वाद आहे असं म्हटलं, पण गेट रजिस्टरचं पान, शेल लॉगची प्रिंट आणि व्हॉट्सअॅपची वेळ तिन्ही शेजारी ठेवल्यावर त्यांनी नीट ऐकून घेतलं. १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करायचा असेल तर पैसे गेल्या गेल्या करा, तेव्हा रक्कम खात्यात अडवता येते, आमच्याकडे तोवर महिना उलटून गेलेला. आणि फॅक्टरीसाठी घेतलेल्या सर्व्हिसला ग्राहक आयोग (आधीचा ग्राहक मंच) शक्यतो दारात उभा करत नाही, कारण व्यावसायिक वापर, तेव्हा त्या आशेवर वेळ घालवू नका.

सध्या आम्ही सगळीकडे १५०० च ठेवलंय. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर आमच्या कामाला त्याने काही फरक पडलेला नाही, जंबोच्या नादी छोट्या सेटअपने लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. डिस्क सगळ्या बदलल्या, पासवर्ड बदलले, बाहेरून येणाऱ्याला आता वेगळा यूजर मिळतो जो काम संपलं की बंद होतो, आणि तो काम करत असताना शेजारी आपला एक माणूस बसतो, मोबाइलवर स्क्रीनचं शूटिंग करत.

तुमच्याकडे गेल्या वर्ष-सहा महिन्यांत कोणी 'कंट्रोलर गेला' म्हणून नॅस उचलून नेला असेल तर यूजर लिस्टमध्ये 'सपोर्ट' नावाचा कोणी आहे का ते आजच बघा, डिस्कचा फार्म लॉग काढा, आणि जुळलं तर तुमच्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनला लेखी द्या. आमच्या चारही जुन्या डिस्कचे सीरियल नंबर खरेदीच्या बिलासकट तक्रारीला जोडलेले आहेत.