दोन इंची सागवानी टॉप: उभ्या पट्ट्या, दुहेरी थर की जाड फळ्या?

जेवणाच्या टेबलाचा तीन फूट रुंद, दोन इंच जाड टॉप करायचाय आणि वखारीत इंची फळ्याच मिळतायत. मग एक तर फळ्या चिरून पट्ट्या उभ्या करायच्या आणि पाठीला पाठ चिकटवायच्या, नाहीतर फळ्यांचे दोन थर एकावर एक बसवायचे.

माझा कौल उभ्या पट्ट्यांना. ओलाव्यानं फुगताना-आकसताना लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. त्यातही वाढवलयांच्या (खोडाच्या कापावर दिसणाऱ्या वर्तुळांच्या) दिशेनं जास्त, वलयांना आडवं कमी. नेहमीच्या कापाच्या फळीत वलयं साधारण रुंदीला समांतर असतात, म्हणून ती उभी केली की ही जास्तीची हालचाल टॉपच्या जाडीत जाते. सागाच्या ओलाव्यात ५ टक्क्यांचा फरक पडला, तर आडव्या फळ्यांचा तीन फुटी टॉप साधारण पावणेतीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) हलतो, उभ्या पट्ट्यांचा दीड सूत. घाटावर एप्रिल ते ऑगस्ट एवढा फरक पडू शकतो.

मेहनत मात्र दांडगी. रंधा मारल्यावर पट्टी सहा-साडेसहा सूत उरते, म्हणजे चाळीसहून जास्त पट्ट्या. सगळ्या एकदम चिकटवू नका. उन्हाळ्यात शेवटच्या पट्टीपर्यंत पोहोचण्याआधी पहिलीवरचा गोंद सुकू लागतो. आठ-नऊ पट्ट्यांचे गट करा, प्रत्येक गट मशीनवर सरळ करून घ्या, मग गट जोडा.

दुहेरी थरात सांधे कमी, पण क्लॅम्पचा दाब मधोमध पोहोचत नाही. किंचित बाक दिलेले जाड दांडके आडवे लावून तो पोहोचवावा लागतो. कडेला थराची रेघ दिसते ती वेगळीच. वरच्या थराच्या फळ्या टॉपच्या लांबीत नि खालच्या रुंदीत असं तर कधीच नको, पावसाळ्यात टॉप वाकेल किंवा तडकेल.

पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान मिळालं तर हे सगळं विसरा आणि दोन इंची फळ्या कडेला कड जोडा. देखणेपणात त्याला तोड नाही. आधी खिळे शोधून काढा. नवी दोन इंची फळी घेणार असाल तर ओलावा मोजूनच घ्या. वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते.

साग तेलकट असतो. ताजा रंधा मारा, अ‍ॅसिटोननं पुसा आणि लगेच गोंद लावा. घरातल्या टेबलाला पांढरा फेविकॉल पुरतो, रोज ओल्या फडक्यानं पुसणार असाल तर पाण्याला टिकणारा फेविकॉल मरीन घ्या. व्हरांड्यासाठी इपॉक्सी. टॉप सांगाड्याला बसवताना स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट ठेवा.