रेट्रो इलेक्ट्रिक क्रूझर सायकल: दहा महिने, २१४० किलोमीटर आणि खारं वारं

दसऱ्याला घेतली, आता श्रावण चालू आहे, म्हणजे दहा महिने झाले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अशा दिसणाऱ्या चार-पाच सायकली बाजारात आहेत आणि मला सांगायचंय ते सगळ्यांनाच थोडंफार लागू पडेल. फिकट हिरवा रंग, क्रोमचे मडगार्ड, मागे वळलेलं ऐसपैस हँडल, तपकिरी सीट, पुढे वेताची बास्केट, ४९ हजारांना पडली. आमचं घर दापोलीजवळ मुरूडला, समुद्र चालत पाच मिनिटांवर, चार खोल्या पर्यटकांना देतो. हे आधीच सांगितलं कारण पुढचं निम्मं रडगाणं त्या पाच मिनिटांचंच आहे.

घेताना जो तो बॅटरीची भीती घालत होता. शेजारचे काका तर म्हणाले, दोन पावसाळ्यांत भंगारवाला पण घेणार नाही बघ. झालंय उलटंच. मोटार आणि बॅटरी ठणठणीत आहेत, आणि जे बघून मी भाळलो होतो ते सगळं समुद्राने खाल्लं. डिसेंबरातच मडगार्डच्या कडेला क्रोमवर बारीक पुटकुळ्या आल्या, मार्चपर्यंत नखाने पापुद्रे निघायला लागले. स्पोकची टोकं तांबूस, सीटचे रिव्हेट तांबूस, घंटी तर अशी गंजली की वाजवली की आधी भुकटी पडते मग आवाज येतो. फ्रेम अॅल्युमिनियमची म्हणून तिला काही झालं नाही. जुन्या लूकच्या नावाखाली जिथेजिथे लोखंडावर क्रोम चढवलंय तिथेतिथे वाट लागलीय. घेणाऱ्याने शोरूममध्ये खिशात लोहचुंबक घेऊन जावं, चिकटलं आणि नुसतं क्रोम असेल तर किनाऱ्यावर त्याचं भवितव्य मी वर लिहिलंय.

हा आकार मुळात अमेरिकेतला. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ मध्ये जाड हवेचे बलून टायर सायकलला लावले आणि तिथून ही जड, आरामात बसून चालवायची जात सुरू झाली. सपाट रस्त्यांसाठीच हो. आमच्याकडे सपाट म्हणजे मुरूड ते कर्दे, तेवढ्यात मात्र ही राणी आहे. २६ बाय २.१२५ चे टायर, हवा जरा कमी ठेवली की खड्डे आणि जांभ्याची खडी कळतच नाही, पाठ ताठ राहते, मान दुखत नाही. मला चाळिशीनंतर मणक्याचा त्रास आहे त्यामुळे हा एक मुद्दा माझ्यासाठी बाकी दहांवर भारी.

आता चढाचं. दापोली वर, आम्ही खाली, मध्ये आसूदचा घाट. मी ७४ किलो, सायकल २७, म्हणजे शंभर किलो दोन-अडीचशे मीटर उचलायचे, कागदावर त्याला ७० वॅट-अवर पण लागत नाहीत आणि बॅटरी ३६० ची आहे, ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर. म्हटलं आरामात. पण मोटार मागच्या चाकात, आणि चाक हळू फिरलं की तिचा बराच जोर नुसता गरम होण्यात जातो. पेडल न मारता नुसतं थ्रॉटल, म्हणजे मुठीतला अॅक्सिलरेटर, पिळून बसलात तर अर्ध्या घाटात ती माणसासारखी धापा टाकते. लहान गिअर टाकून पायांनी साथ दिली तर दहा-बाराच्या स्पीडने चढते, घाम येतो पण श्वास राहतो. याच मुरूडचे महर्षी कर्वे परीक्षेसाठी चालत साताऱ्याला गेले होते, तेव्हा मी फार तक्रार करत नाही. जाऊन-येऊन डिस्प्लेवर बॅटरीच्या पाचपैकी एक कांडी उरते. उतारावर चार्ज होते का असं प्रत्येक जण विचारतो, नाही होत, या गिअरवाल्या मोटारीत आत फ्रीव्हील असतं, उतारावर ती नुसती मोकळी फिरते. सपाटीवर पेडल मारत ३५ किमी मिळतात, बॉक्सवर ५० लिहिलंय. फुल चार्जला अर्धा युनिटही लागत नाही, त्यामुळे बिलात काही कळतच नाही. आणि हो, २५० वॅट आणि २५ च्या स्पीडच्या आतली म्हणून लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही.

पेडलचा सेन्सर साधा आहे, म्हणजे पाय फिरतोय एवढंच त्याला कळतं, किती जोर लावताय ते नाही. त्यामुळे चढावर सुटताना आधी अर्धा फेरा स्वतःच्या दमावर मारायचा, मग मोटार एकदम ढकलते. वाळू आलेल्या रस्त्यावर दोनदा चाक सरकलंय.

फेब्रुवारीत खरी फजिती झाली. हर्णै बंदरावर संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला गेलो, पाहुण्यांसाठी सुरमई घेतली, बास्केटमध्ये टाकली, निघालो तर मोटार मेलेली. डिस्प्ले चालू, लाईट चालू, मोटार ढिम्म. मासळीवाल्या मावशी हसत होत्या, म्हणे चार्ज कर सुरमईवर. २७ किलोचं धूड आणि वर चार किलो मासळी पेडल मारत घरी आणली. कंपनीला फोन केला तर व्हिडिओ पाठवा, तिकीट नंबर घ्या, सात दिवस थांबा. सात दिवसांनी उत्तर आलं, कंट्रोलर, म्हणजे मोटारीला वीज सोडणारा डबा, बदलावा लागेल, ६५०० रुपये. मी सायकल परत हर्णैला नेली, तिथे होड्यांचं वायरिंग करणारा एक पोरगा आहे. त्याने मोटारीला हातच लावला नाही. ब्रेकची मूठ उघडली आणि म्हणाला, "काका, ह्याला वाटतंय तुम्ही ब्रेक दाबूनच धरलाय." ब्रेक मारला की मोटार बंद व्हावी म्हणून मुठीत एक बारीक स्विच असतो, तो मिठाने घट्ट बसला होता. बाहेर काढला तर वाटाण्याएवढा, आणि पिनेवर हिरवट बुरशीसारखं साचलेलं. घासला, ग्रीस भरलं, सगळे कनेक्टर उघडून त्यांच्यातही ग्रीस. पन्नास रुपये घेतले. होडीवर हेच करतो म्हणाला. तेव्हापासून दर महिन्याला मी स्वतः करतो आणि परत कधी बंद पडली नाही.

पावसाळ्यात दीड महिना पडवीत उभी होती. बॅटरी काढून निम्मी चार्ज करून घरात कपाटात ठेवली, फुल भरून ठेवायची नाही आणि पूर्ण रिकामी तर नाहीच नाही. वेताच्या बास्केटला मात्र जूनमध्येच बुरशी आली, शिवाय मासळीचा वास मुरलेला, आईने ती सरळ बागेत फेकली. आता तिथे आंब्याचा प्लास्टिक क्रेट बांधलाय. दिसायला भयाण आहे.

हँडलचं एक राहिलं. ते इतकं रुंद आहे की आमच्या पाखाडीत, म्हणजे अरुंद दगडी वाटेत, दोन्ही बाजूच्या गडग्यांना, दगडी कुंपणांना, घासतं, समोरून कोणी आलं की मलाच उतरून मागे जावं लागतं, आणि बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, आत घेताना रोज हँडल वाकडं करून काढायचं. डावी मूठ जांभ्यावर घासून फाटलीय. घ्यायच्या आधी टेपने मोजायला हवं होतं, कोण मोजतं म्हणा.

सध्या स्टेनलेसचे स्पोक मागवलेत, पार्सल खेडपर्यंत आलंय असं दाखवतंय. गणपतीच्या आधी मागचं चाक बांधून झालं तर बरं, नंतर मुंबईकर आले की हर्णैचा तो पोरगा पंधरा दिवस हाताला लागत नाही.