हरमनप्रीतसारखी स्टिक की अभिषेकसारखी? मुरमाच्या मैदानावरची निवड

हॉकी इंडिया लीगच्या ऑक्टोबर 2024 मधल्या लिलावात सूरमा हॉकी क्लबने हरमनप्रीत सिंगसाठी 78 लाख रुपये मोजले आणि बंगाल टायगर्सने अभिषेकसाठी 72 लाख. हॉकी खेळणाऱ्या पोट्ट्यांना ही दोन्ही नावं पाठ असतात. पण नवी स्टिक घ्यायची वेळ आली की मागणी बहुधा एकच: ‘ड्रॅग-फ्लिक (बॉल स्टिकने ओढत नेऊन झटक्याने सोडणं) बसली पाहिजे.’ मग दुकानदार ‘लो बो’, म्हणजे खालच्या टोकाजवळ जास्त वाकलेली स्टिक, काढून समोर ठेवतो. विदर्भातल्या गावच्या मैदानासाठी ही खरेदी चुकते. घ्यायची तर अभिषेकच्या खेळाला साजेशी ‘मिड बो’, म्हणजे बाक जरा वर आणि कमी असलेली, घ्या.

दोघांच्या कामातला फरक पॅरिस ऑलिम्पिकमधल्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात नीट दिसतो. भारताने तो 3-2 ने जिंकला. पहिला गोल अभिषेकचा, चालत्या खेळातून केलेला. पुढचे दोन हरमनप्रीतचे, एक पेनल्टी कॉर्नरवर आणि एक पेनल्टी स्ट्रोकवर. हरमनप्रीत बचावपटू आहे आणि त्याच्या गोलांचं मोठं शस्त्र म्हणजे थांबवलेल्या बॉलवरची ड्रॅग-फ्लिक. अभिषेक पुढच्या फळीत खेळतो. डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, गर्दी असताना बॉल ताब्यात घेणं आणि हातभर जागेतून, गरज पडल्यास उलट्या हातानेही, मारणं हे त्याचं काम. काम वेगळं म्हणून स्टिकचा लागणारा बाकही वेगळा.

स्टिकची सपाट बाजू खाली करून ती फरशीवर ठेवा. दांडा मधे उचललेला दिसेल, तोच बाक. नियमाप्रमाणे तो 25 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि बाकाचा सर्वांत उंच बिंदू हुकाच्या (खालच्या वळलेल्या टोकाच्या) तळापासून 200 मिलिमीटरच्या आत येता कामा नये. लो बोमध्ये हा बिंदू त्या मर्यादेला चिकटून, जवळपास 200 ते 215 वर असतो आणि बाकही 24 च्या आसपास. मिड बोमध्ये तो साधारण 250 ते 300 च्या दरम्यान येतो आणि बाक कमी असतो. दुकानात वेष्टनावरच्या नावावर विसंबू नका, खिशात स्टीलची पट्टी ठेवा. एका कंपनीची मिड बो दुसरीच्या लो बोइतकी वाकडी निघू शकते.

आता मुरमावर लो बो का फसते ते पाहू. ड्रॅग-फ्लिकमध्ये बॉल मारत नाहीत, दांड्याच्या खोलगट बाकात घेऊन ओढतात आणि शेवटी झटक्याने सोडतात. ओढताना बॉल सतत दांड्याला चिकटलेला हवा. ओल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, तो चिकटतो. मुरमावर एखादा खडा आला की बॉल उसळतो, दांडा सोडतो आणि फ्लिकचा सगळा जोर वाया जातो. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीवर तर ओढायचा प्रश्नच नाही. म्हणजे ज्या कामासाठी जास्त पैसे मोजले, ते कामच होत नाही.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. बाक खाली असला की सपाट बाजू थोडी मागे झुकते आणि साधा सपाट फटका मारायला गेलं तरी बॉल उचलला जातो. बॉल 156 ते 163 ग्रॅमचा, टणक. समोरच्या पोराकडे शिनगार्ड नसेल तर गुडघा किंवा नडगी फुटते. मनगट तयार झालेला खेळाडू हात पुढे ठेवून हे सांभाळतो, आठवी-नववीतल्या मुलाला ते जमत नाही. तो फटका दाबायला शिकण्याऐवजी उचललेला बॉल हीच आपली ताकद समजू लागतो आणि ती सवय मोडायला पुढे फार वेळ जातो. ज्याला जिल्ह्याच्या टर्फवर नियमित सराव मिळतो आणि संघात पेनल्टी कॉर्नर ज्याच्याकडे आहे, अशा एखाद्याच मुलाला लो बो द्यावी.

मिड बोवर बॉल थांबवणं सोपं जातं, पुश (न उगारता ढकललेला बॉल) सरळ जातो, उसळलेला बॉलही हुकावर दाबता येतो. तिचीही एक दुखरी जागा आहे: कडा. पोरं उलट्या हाताने कडेने मारायला लागली की स्टिक जमिनीला जवळपास आडवी होते आणि मुरूम ती कड कानशीसारखी घासतो. आधी रंग जातो, मग आतले धागे उघडे पडतात, त्यात पाणी शिरतं, आणि पावसाळ्यानंतर पहिल्याच जोरदार फटक्याला थर सुटतात. त्यामुळे उलट्या हाताचा सराव गवताच्या पट्ट्यावरच घ्यावा.

कार्बनच्या आकड्यामागे धावू नका. 90 टक्के कार्बनची स्टिक कडक असते. फटका लांब जातो हे खरं, पण थांबवताना बॉल सुटतो, हातांना झिणझिण्या येतात आणि दगडावर आपटली की टवका उडतो. शाळेसाठी 20 ते 30 टक्के कार्बन आणि बाकी फायबरग्लास पुरे. त्यात थोडं केव्हलार (हादरा शोषणारा चिवट धागा) असेल तर हादरा कमी बसतो. स्वस्तही पडते.

उघड्या पडलेल्या कडेची दुरुस्ती घरी होते. नाकातोंडाला रुमाल बांधा, कारण फायबरची धूळ घशात आणि कातडीत टोचते. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने सुटलेले धागे घासून सपाट करा आणि स्टिक पूर्ण वाळू द्या. मग दोन ट्यूबचं इपॉक्सी समान मापाने मिसळून पातळ थर लावा. जाड थर लावला की तो पापुद्र्यासारखा निघतो. चोवीस तास हात लावू नका, नंतर पुन्हा हलकं घासा. वरून इन्सुलेशन टेपचे एक-दोन वेढे चालतात, मात्र स्टिक 51 मिलिमीटरच्या कड्यातून गेली पाहिजे आणि कुठेही धार राहता कामा नये. लांब चीर दांड्यावर आडवी गेली असेल तर दुरुस्ती करू नका, ती स्टिक खेळातून काढाच.

लांबीचं थोडक्यात: पाच फूट उंचीला 35 इंच, साडेपाच फुटांना साडेछत्तीस. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी घेऊ नका, मूल वाकायचं सोडून उभ्यानेच खेळू लागतं.

अगदी सुरुवातीच्या वर्गासाठी तुतीच्या लाकडाची स्टिक अजूनही चांगली. बाक कमी, हाताला मऊ आणि किमतीला हलकी. पावसाळ्याआधी व्हार्निश निघालेल्या जागी जवसाच्या तेलाचा हात फिरवा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्या आणि दोन-तीन दिवस सावलीत वाळवा. घाणीवरचं जवस तेल आपल्याकडे सहज मिळतं, तेच वापरा. कार्बन-फायबरग्लासच्या (कंपोझिट) स्टिकला मात्र तेल लावू नका, ग्रिप घसरते आणि फायदा काहीच नाही.

बॉल घेताना खड्ड्याखड्ड्यांचा टर्फ बॉल टाळा. ते खड्डे ओल्या टर्फवर बॉल पाण्यावरून घसरू नये म्हणून असतात. मुरमावर गुळगुळीत बॉलच बरा.

आणि मे महिन्यात स्टिका पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका. पारा 45 वर असताना आत त्याहून कितीतरी जास्त तापतं, थर जोडणारं इपॉक्सी त्यात कमजोर पडतं. स्टिका वर्गखोलीत, भिंतीपासून हातभर दूर, आडव्या फळीवर ठेवाव्यात.