डब्यात छापलेले २४ शब्द आले तर ते वॉलेट वापरू नका

२,९१,४०० रुपये. बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर ओव्हरटाइम करून चार वर्षांत जमवलेले, बिटकॉइनमध्ये ठेवलेले. एका रात्रीत गेले. वडिलांना अजून सांगायची हिंमत झाली नाही. तरी लिहितोय, कारण खानापूर-निपाणीकडची ओळखीची पोरं आता हेच वॉलेटचं यंत्र मागवायला लागली आहेत.

एक्स्चेंजवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या अॅपवर, बिटकॉइन ठेवू नका; हार्डवेअर वॉलेट, म्हणजे त्याची किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र घ्या, असं सगळे सांगतात. मी तेच केलं. फक्त कंपनीकडून न घेता कोल्हापूरचा पत्ता देणाऱ्या एका विक्रेत्याकडून घेतलं, १,८०० रुपये स्वस्त म्हणून. डबा सीलबंद. आत यंत्र, केबल, मराठीत छापलेलं पत्रक आणि रिचार्ज कार्डासारखं खरवडायचं कार्ड. मराठी पत्रक बघून उलट बरंच वाटलं.

यंत्र चालू केलं. पडद्यावर दोन पर्याय: नवीन वॉलेट तयार करा, किंवा जुनं परत मिळवा. पत्रकात लिहिलं होतं, दुसरा निवडा. अहो, माझं जुनं वॉलेट होतंच कुठं? आयुष्यात पहिल्यांदा घेत होतो! बोट बटणावर थांबलं होतं, आजही आठवतं. तरी दाबलं. कार्ड खरवडून २४ शब्द एकेक करून भरले. हे शब्द म्हणजेच वॉलेटची किल्ली; ते ज्याच्याकडे, त्याचे पैसे. आणि विक्रेत्याकडे ते आधीपासूनच होते. शब्द यंत्रानं स्वतः तयार करून स्वतःच्या पडद्यावर दाखवायचे असतात. आपण ते हातानं कागदावर उतरवायचे, फोटोसुद्धा काढायचा नाही.

मी आंधळेपणानं केलं नाही. कंपनीच्या अॅपनं यंत्र अस्सल दाखवलं, आणि ते अस्सलच होतं. आधी ५,००० पाठवून अकरा दिवस थांबलो. हलले नाहीत. मग उरलेले २,८६,४०० पाठवले. त्याच रात्री ३ वाजून १२ मिनिटांनी सगळं साफ. पिन कितीही अवघड ठेवा, शब्द गेले की संपलं.

इथल्या पोलीस ठाण्यात गेलो तर, ‘इल्लि आगल्ल (इथं होणार नाही), कोल्हापूरला जावा.’ कोल्हापुरात म्हणाले, तुम्ही कर्नाटकातले, तिकडंच तक्रार द्या. परत आलो तर अर्ज कन्नडमध्ये पाहिजे. शेजारच्या मुलाकडून लिहून घेतला. मग प्रश्न, पैसे कुठल्या बँकेत गेले? बँक नाहीच म्हटल्यावर साहेब म्हणाले, हा जुगार आहे. जुगार असेल तर सरकार नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस कशाला कापतं? गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार नोंदवून घ्यायचीच, असं नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ मध्ये लिहिलंय. ते कलम दाखवल्यावर पोच मिळाली, चौथ्या खेपेला. तुम्ही १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच तासात फोन करा आणि व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवा. मी सकाळ व्हायची वाट बघत बसलो.

काल बघितलं, त्या विक्रेत्याची जाहिरात अजून तशीच आहे. फोटोत डब्याशेजारी तेच खरवडायचं कार्ड आहे.