गाऊट : नुसते पथ्य की रोजची गोळी?

गाऊट म्हणजे रक्तात वाढलेल्या युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यांत साचून होणारा संधिवात. मध्यरात्री पायाचा अंगठा लालभडक सुजतो आणि चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, तेव्हा बहुतेक जण आधी पथ्याकडे वळतात. बिअर, कलेजी, तारली आणि गोड शीतपेये कमी करणे, वजन हळूहळू उतरवणे हे हिताचेच आहे. तूरडाळ आणि पालक मात्र उगाच बदनाम झाले आहेत. तरीही केवळ पथ्याने युरिक ॲसिड दर १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १ मिलिग्रॅमच उतरते, कारण ते मुख्यतः शरीरातच तयार होते आणि मूत्रपिंडांवाटे पुरेसे बाहेर पडत नाही.

वारंवार अशा दुखण्याचे झटके येणाऱ्यांसाठी युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉलसारखी रोजची गोळी मला अधिक भरवशाची वाटते. डॉक्टर ती सहसा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करतात आणि पातळी ६ मिलिग्रॅमच्या खाली येईपर्यंत वाढवत नेतात. पहिल्या काही महिन्यांत सांध्यांत साचलेले स्फटिक विरघळताना झटके उलट वाढू शकतात, म्हणून सोबत बहुधा कोल्चिसिन हे झटके रोखणारे औषध दिले जाते. नेमक्या याच टप्प्यावर अनेक जण गोळी सोडून देतात, याचे फार वाईट वाटते. अंगावर पुरळ उठले तर मात्र गोळी तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठावे.